वैद्यकीय व्याख्यानाचा जमाखर्च

रुग्णालयाच्या वार्षिक हिशेबात ‘वैद्यकीय शिक्षण व परिषदा’ या शीर्षाखाली प्रतिवर्षी एक लहानशी रक्कम खर्ची पडते. आमचे डॉक्टर व परिचारिका नागपूर, सेवाग्राम येथील व्याख्यानांस आणि परिसंवादांस जातात. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात एक डॉक्टर कमी असतो आणि धानाची रोवणी सोडून लाखांदूरला आलेल्या रुग्णास अधिक वेळ तिष्ठावे लागते. म्हणून ‘देणगीच्या पैशातून ही व्याख्याने कशासाठी?’ असे हितचिंतकांनी विचारणे रास्तच आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकावर भाष्य करण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु समोर मांडलेला आकडा तपासणे हे आमचे नित्यकर्म आहे, आणि चांगल्या वैद्यकीय परिसंवादातही मुख्यतः तेच घडते.

विदर्भात या परंपरेची केंद्रे आहेत. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली आणि नागपूरचे एम्स २०१८ साली सुरू झाले. अशा संस्थांतील ज्ञानसत्रांचे सामान्यतः तीन प्रकार आढळतात. पाहुण्या तज्ज्ञाचे व्याख्यान हा पहिला. दुसरा ‘जर्नल क्लब’, ज्यात प्रसिद्ध झालेला एखादा शोधनिबंध वाचून त्याची चिकित्सा केली जाते. तिसरा मृत्यू-आढावा बैठकीचा. तेथे रुग्ण का दगावला, याचा विचार कोणावरही दोषारोप न करता होतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० श्रेयगुण मिळवावे लागतात. मात्र हजेरीपटावर सही करून गुण मिळतात, ज्ञान मिळतेच असे नाही.

व्याख्यात्याचे नाव मोठे असले म्हणजे विधान खरे ठरते काय? क्षयरोगाच्या इतिहासात याचे उत्तर आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनच्या शरीरक्रियाशास्त्र मंडळापुढे क्षयाचा जंतू सापडल्याचे सांगितले. त्यांनी सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्याही सोबत आणल्या होत्या. ज्याला पाहायचे त्याने स्वतः पाहावे, अशी ती मांडणी होती. तो दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. त्याच कॉख यांनी १८९० साली बर्लिनच्याच आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत क्षयावर गुणकारी द्रव्य हाती आल्याचे सूचित केले. पण ते कशापासून बनविले हे प्रथम गुप्त ठेवले. ते द्रव्य, म्हणजे ट्युबरक्युलिन, उपचार म्हणून निष्फळ ठरले. वक्ता एकच होता. एका वेळी पुरावा उघड होता, दुसऱ्या वेळी झाकलेला.

आता आपल्या दाराशी असलेले उदाहरण घेऊ. लाखांदूर तालुक्याला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरपोच सेवेचा अभ्यास केला. तो डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. असा निबंध परिसंवादात आला, तर श्रोत्याने पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : तुलना कशाशी? येथे ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. दोन्हींकडील आरंभीचा मृत्युदर जवळपास सारखा होता. गावांची वाटणी मात्र चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा प्रश्न : शेकडेवारीखाली मूळ संख्या किती? गावातील आरोग्यसेविकांनी उपचार सुरू करण्यापूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बालकांपैकी १६.६ टक्के दगावत. नंतर हे प्रमाण २.८ टक्के झाले. मूळ संख्या १६३ व ७१. म्हणजे १६३ पैकी सुमारे २७ आणि ७१ पैकी २ मृत्यू. टक्केवारीपेक्षा हे आकडे मनाला अधिक भिडतात.

तिसरा प्रश्न : खर्च किती व फळ किती? दर बालकामागे ५.३ अमेरिकी डॉलर खर्च आला आणि १९९७-९८ मध्ये दर १८ बालकांच्या सेवेमागे गर्भातील वा नवजात असा एक मृत्यू टळला. गुणाकार केला असता एका जिवामागे सुमारे ९५ डॉलर होतात. आमच्या इतक्या वर्षांच्या हिशेबाच्या वह्यांत यापेक्षा सार्थ खर्च आम्ही पाहिलेला नाही. तथापि जेथे मूळ मृत्युदर कमी असेल, तेथे एक मृत्यू टाळण्यास अधिक बालकांची सेवा करावी लागेल, हा विवेक सोडू नये.

चौथा प्रश्न : व्याख्यानाचा खर्च कोणी उचलला? औषध विकणाऱ्यानेच सभागृह, भोजन आणि वक्ता पुरविला असेल, तर दिलेले आकडे दोनदा तपासावेत.

पाचवा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : उद्या सकाळपासून आपल्या वॉर्डात काय बदलेल? गडचिरोलीच्या अभ्यासाचा मार्ग पुढे देशाने स्वीकारला. २०११ पासून आशा कार्यकर्त्या नवजात बालकाच्या घरी जातात. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाली असल्यास सात. मग आपल्यासारख्या रुग्णालयाचे कर्तव्य इतकेच की, बाळंतिणीस घरी सोडताना बाळाचे वजन व धोक्याची लक्षणे कागदावर स्पष्ट लिहावीत आणि त्या गावच्या आशाताईंना त्याच दिवशी कळवावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. दूरध्वनी आणि एक नोंदवही पुरते.

याच विचाराने आम्ही एक साधा दंडक सुचवीत आहोत. परिषदेहून परतलेल्या प्रत्येकाने आठवड्याच्या आत सहकाऱ्यांपुढे वीस मिनिटे बोलावे, वरील पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि बदलावयाची एक गोष्ट नोंदवहीत लिहावी. परिचारिका, औषधनिर्माता व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांनाही त्या बैठकीत प्रश्न विचारण्याचा समान अधिकार असावा. कारण रुग्णाच्या उशाशी सर्वाधिक काळ तेच असतात. सहा महिन्यांनी ती नोंदवही उघडून पाहावी. लिहिलेला बदल प्रत्यक्षात आला असेल, तर प्रवासखर्च जमेच्या बाजूस पडला असे समजावे. नसेल, तर पुढील परिषदेस जाण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे.

देणगीदारांचा प्रत्येक रुपया रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला पाहिजे, हे या संस्थेचे व्रत आहे. व्याख्यानावर खर्चिलेला रुपयाही त्याला अपवाद नाही. त्याची वाट थोडी लांबची असते, एवढेच.