काटा अडला म्हणून उपास वाढवू नकोस

निपाणी

चिरंजीव भाच्यास,

तुझा निरोप पोचला. चार महिन्यांत वजन ८६ किलोवरून ७९ वर आणलंस, आणि गेले दोन महिने काटा जागचा हलत नाही. पथ्य चालू आहे, पहाटे खानापूर रस्त्याने चालणं-पळणं चालू आहे, तरी काही होत नाही, म्हणून आता रात्रीचं जेवणच बंद करतो, असं तू म्हणतोस. हा विषय फोनवर दोन शब्दांत संपणारा नाही, म्हणून पत्र लिहिते. शाळेत इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, ते घरच्या माणसाच्या उपयोगी पडलं नाही तर काय कामाचं? मुख्य गोष्ट आधीच सांगते. रात्रीचं जेवण बंद करू नकोस. तुझी मेहनत वाया गेलेली नाही आणि तुझ्या शरीरात काही बिघडलंय असंही लगेच समजू नकोस. वजन उतरवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा मुक्काम लागतो. बहुतेक अभ्यासांत वजन सहा-आठ महिन्यांच्या आसपास थांबतं. तुझं थोडं लवकर थांबलं, एवढंच.

सुरुवातीचा वेग खरा नव्हता, हे आधी ध्यानात घे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठलेली असते आणि तिच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा रिकामा होतो. पहिल्या पंधरवड्यात काटा भराभर खाली येतो त्यात मोठा वाटा या पाण्याचा. चरबी मात्र सावकाश जाते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ३०० कॅलरींची तूट पाळली तरी एक किलोला पंचवीस दिवस लागतात. त्यात तुझं कारखान्यातलं काम भट्टीजवळचं. शिफ्ट संपल्यावर घामाने किलोभर वजन कमी दिसतं आणि दुसऱ्या दिवशी खारट खाणं झालं की तेवढंच परत येतं. अशा चढउतारात महिन्याची खरी घट सहज झाकली जाते.

आता शरीर काय करतं ते पाहा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सगळे स्वेच्छेने आलेले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन सुमारे पाव भागाने घटलं, पण विश्रांतीच्या वेळचा शरीराचा कॅलरींचा खर्च त्याहून जास्त, जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. पावसाने दगा दिलेल्या वर्षी शेतकऱ्याचं घर खर्च आवरतं, तसं शरीर वागतं. हात-पाय गार पडतात, उत्साह कमी होतो, माणूस नकळत कमी हालचाल करतो. अमेरिकेतल्याच एका टीव्ही स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ जणांना केविन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, पण शरीराचा खर्च मात्र अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. जितका घाईचा आणि टोकाचा उपास, तितकी शरीराची धास्ती मोठी. रात्रीचं जेवण तोडू नकोस, असं मी म्हणते ते यासाठी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भुकेची. हॉल यांच्याच गटाने त्याच वर्षी मांडलेला हिशोब असा: वजन एक किलो उतरलं की शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, पण भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. तू सात किलो उतरवलेस. म्हणजे खर्च दीड-दोनशे कॅलरींनी घटला आणि भूक सातशे कॅलरींच्या मागे लागली. घास थोडा मोठा होतो, आमटी दुसऱ्यांदा घेतली जाते, शेंगाचटणीवर तेल जरा सढळ पडतं. माणूस शपथेवर सांगेल की मी पहिल्याइतकंच खातोय, आणि तो खोटं बोलत नसतो. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये पथ्य करूनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं नेमकं मोजण्यात आलं. त्यांनी सांगितलेल्या खाण्यापेक्षा प्रत्यक्ष खाणं जवळजवळ दुप्पट निघालं आणि हालचाल त्यांना वाटत होती त्यापेक्षा बरीच कमी. त्यांचं चयापचय मात्र इतरांसारखंच होतं. हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. डोळ्यांचा अंदाज भुकेच्या बाजूने झुकतो, म्हणून माप हातात घ्यावं लागतं, इतकंच.

व्यायामाबद्दलही स्पष्ट लिहिते. तुझ्या वजनाच्या माणसाने ५ किलोमीटर चाललं तर अडीचशे-तीनशे कॅलरी जातात. शिफ्ट सुटल्यावर नाक्यावरची एक प्लेट मिरची भजी आणि साखरेचा चहा त्या सहज भरून काढतो. शिवाय व्यायाम वाढवला की शरीर दुसरीकडे बचत करतं. टांझानियातले हाड्झा लोक आजही शिकार करून, कंदमुळं खणून जगतात आणि दिवसभर पायपीट करतात. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली मोजलं तेव्हा, शरीराचा आकार लक्षात घेता, त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरातल्या माणसाइतकाच निघाला. आपल्या भागातले जुने पैलवान आठव. आखाडा सुटला, पण खुराक सुटला नाही, आणि काही वर्षांत अंग सुटलं. ताट सांभाळल्याशिवाय नुसता व्यायाम वजन उतरवत नाही. तरीही व्यायाम सोडू नकोस. उतरलेलं वजन टिकवायचं, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचं मोठं काम तोच करतो. फक्त त्याचं मोल काट्यावर करू नकोस.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल, ती झोपेची. तुझी नाइट शिफ्ट आली की दिवसा पाच तासही झोप होत नाही, असं वहिनी सांगत होती. २०१० साली प्रसिद्ध झालेला शिकागोतला एक छोटा अभ्यास आहे. त्याच माणसांना तेच कमी कॅलरींचं जेवण देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपायची मुभा दिली. दोन्ही वेळा वजन सुमारे ३ किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत ०.६ किलो. बाकीचं गेलं ते चरबीखेरीजच्या भागातून, म्हणजे स्नायू, पाणी वगैरेंतून. कमी झोपेत भूकही जास्त लागली. पाच तास झोपून पहाटे पळायला जाण्यापेक्षा त्या आठवड्यात पळणं निम्मं कर आणि झोप पुरी कर.

आता तू हे सगळं कशासाठी करतोस, तिकडे येते. आपल्या घरात पूर्वी भातलावणी, भांगलण, मळणी सगळं अंगमेहनतीचं होतं आणि त्याच अंगाला साजेसं भाताचं ताट होतं. आता आपल्या मच्छे गावच्या शिवाराच्या मोठ्या भागावर कारखाने आणि विद्यापीठ उभं राहिलं, तू यंत्रासमोर उभा असतोस, ताट मात्र तेच राहिलं. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, चाळिशीत साखर निघाली. तुला ती निघू नये, ही माझी खरी काळजी. ७९ आहे की ७४, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम तू वाचावंस. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच बारकी, पण त्यांच्या अंगावर चरबीचा वाटा त्या मानाने टिकून होता आणि स्नायू कमी होते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्या लोकांच्या बाबतीत काटा पुरतं सत्य सांगत नाही, हे त्या दोन आकड्यांतून कळतं. म्हणून कमरेचा घेर मोज. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप घट्ट न आवळता. भारतीय पुरुषासाठी मर्यादा ९० सेंटीमीटर, बाईसाठी ८०.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांना घेऊन केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणं सुधारणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काटा थांबलेला असतानाही आतलं काम चालू असतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. तू तर मूळ वजनाच्या आठ टक्के उतरवून बसला आहेस.

मग करायचं काय? आणखी महिनाभर जेवणाची नवी तोडातोड नको, फक्त मोजमाप आणि बारीकसारीक बदल. आठवड्यातून तीनदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी वजन कर आणि आठवड्याची सरासरी लिही. शिफ्ट सुटल्यावरचं वजन धरू नकोस. दर पंधरा दिवसांनी कंबर लिही. एक आठवडा जे तोंडात जाईल ते त्याच क्षणी वहीत टिपून ठेव, कँटीनचा चहा, कुणी दिलेला कुंद्याचा तुकडा, रविवारचं मटण, सगळं. बहुतेक वेळा अडलेली गाठ त्या वहीतच सापडते.

तेलाकडे बघ. माणशी महिन्याला एक लिटर तेल लागत असेल तर रोजचं सुमारे ३० ग्रॅम झालं, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. त्यात तिसरा हिस्सा कमी झाला तरी घरात कुणाला जाणवणार नाही. पण वहिनीला तुझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करायला लावू नकोस. भाजी सगळ्यांचीच कमी तेलाची होऊ दे. दादाच्या साखरेलाही तेच हवं. भात एकदम बंद न करता एकवेळचा कर आणि दुसऱ्या वेळी ज्वारीची भाकरी घे. मोठी भाकरी दोनशे कॅलरींची असते, म्हणून तीही मोजून. दोन्ही जेवणांत मुगाची किंवा हरभऱ्याची उसळ, अंडी, मासे, ताक यांतलं काहीतरी असू दे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरवताना स्नायू राखायचे तर त्याहून थोडी जास्तच बरी. आणि पळण्यातले दोन दिवस कमी करून जोर-बैठका धर. स्नायू टिकवायला आखाड्यातला हा व्यायाम फार उपयोगी आहे.

तुझ्या खात्यातल्या काहींनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनदाच जेवायची पद्धत धरली आहे, कुणी दर दोन तासांनी थोडं खातो. ज्याला जी पद्धत वर्षभर पेलेल ती त्याची. तू दर महिन्याला पद्धत बदलू नकोस, आणि दोन पद्धती एकत्र तर मुळीच करू नकोस. चरबी जाळणाऱ्या पावडरी आणि गोळ्या कुणी जिममध्ये दिल्या तर घेऊ नकोस. वजनाची इंजेक्शनं हा डॉक्टरांचा प्रांत आहे, मित्राच्या सल्ल्याचा नाही.

महिनाभर नीट लिहूनही काटा आणि कंबर दोन्ही हलली नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइडसाठी टीएसएच, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी, चरबीची तपासणी आणि रक्तदाब एवढं करून घे. तू मोठ्याने घोरतोस, ते त्यांना सांग. झोपेत श्वास अडण्याचा आजार वजनाशी जोडलेला असतो. काही औषधांनीही वजन वाढतं, म्हणून चालू गोळ्यांची यादी सोबत ने. पण अशक्तपणा, चक्कर किंवा छातीत दुखणं असं काही जाणवलं तर महिन्याची वाट बघू नकोस.

सगळं तपासून नीट निघालं, तर ७९ वर दोन-तीन महिने स्थिर राहायला शीक. वजन टिकवणं हीही कमाईच आहे, कारण बहुतेकांच्या हातून सुटतं ते तिथेच. मग हवं तर रोजचं दीड-दोनशे कॅलरींनी कमी कर आणि पुढचे तीन किलो सावकाश उतरव. पंचविशीतल्या माणसाला घाई कसली?

येत्या रविवारी दादाला बरोबर घेऊन दोघांच्याही कमरेचं माप घे आणि मला कळव. रात्री वेळेवर जेव, पुरेशी झोप घे, आणि शरीराशी वैर धरू नकोस. वहिनीला आणि दादाला माझा नमस्कार सांग.

तुझी,
आत्या