हबात काय भरायचं?

सावदा

चि. संकेत,

तुझा फोन आला तेव्हा केळीचं ठिबक सोडत होतो. मोटारीच्या आवाजात धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो. तुझे शेठ म्हणतात, राखेचे टिप्पर आणि लोडर, सगळ्यांच्या चाकांच्या हबला एकच ग्रीस आणू, एक बॅरल पुरेल. चालेल का, असं तू विचारलंस. नाही चालणार. मुळात त्या सगळ्या हबांत ग्रीस असतंच असं नाही.

लोडरचा हब कधी उघडलेला पाहिलास का? आत बेरिंगसोबत गियर असतात, मधे एक आणि त्याभोवती फिरणारे तीन-चार. त्यांना तेलच हवं. ग्रीस भरलंस तर दात ते बाजूला सारतात, ते परत दातांवर येत नाही आणि गियर कोरडे घासतात. काही लोडरांत ब्रेकच्या चकत्याही तेलातच बुडालेल्या असतात. तिथे साधं नव्वद नंबरचं गियर तेल ओतलं की ब्रेक किंचाळायला लागतात. म्हणून मशीनच्या पुस्तकात छापलेलं तेलच घाल. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणेल, त्याला बॅरल खपवायचं असतं. पातळी बघताना हबवरची खूण आडवी येईल असं चाक थांबव, मग बूच काढ. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, असं समज.

टिप्परच्या पुढच्या चाकांची टॅपर बेरिंगं बहुतेक ग्रीसवर चालतात. मागच्या हबात लोडरसारखे गियर (हब रिडक्शन) असतील तर तिथेही तेल. अंदाजाने ठरवू नकोस.

आता ग्रीस कुठलं? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे खरं, पण हब तापतो तो ब्रेक ड्रममुळे. स्वस्तातलं कॅल्शियमचं चॅसिस ग्रीस १०० अंशांच्या आसपासच वितळतं, लिथियमचं १८० च्या आसपास, लिथियम कॉम्प्लेक्सचं २५० च्या वर. (वितळायचा आकडा म्हणजे चालवायचा आकडा नव्हे, त्याच्या बरंच खाली राहायचं.) पुस्तकात वेगळं काही नसेल तर दोन नंबरचं, ईपी लिहिलेलं लिथियम कॉम्प्लेक्स घे. मॉलीचं काळं ग्रीस बकेटच्या पिना-बुशांसाठी ठेव. रंगावर जाऊ नकोस, निळा-लाल रंग कंपनी स्वतःच घालते.

एक चूक मी स्वतः केलीय. ऐन पंचविशीत होतो. हबात जुनं लिथियम होतं, त्यावरच मी मातीच्या बेसचं महागडं ग्रीस भरलं. महाग म्हणजे भारी, एवढीच तेव्हाची अक्कल! दोन्ही एकमेकांत मिसळून पातळ झाली, सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर आली आणि वरणगावच्या रस्त्यावर ब्रेक लागेना. गाडी बांधावर चढवून थांबवली. तेव्हापासून ग्रीसची जात बदलायची तर बेरिंग डिझेलने धुऊन, वाळवून, मगच नवं भरतो. तेही हाताने रोलरच्या आत दाबून. हबाची पोकळी मात्र ठासू नकोस, अर्ध्याच्या आतच ठेव. जास्त ग्रीस घुसळतं आणि स्वतःच तापतं.

आता राखेचं. दीपनगरच्या वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच, शिवाय ६६० चा नवा. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच निघते, ती तुमच्या गाड्यांवर येते. ती बोटाला पावडरीसारखी मऊ लागते, पण आत सिलिका असते. ती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून सील बदलायला कंजुषी नको. ग्रीसचा डबा उघडा टाकू नका, गनचं तोंड आणि निप्पल पुसल्याशिवाय गन लावू नका. माझ्या आजोबांच्या बैलगाडीला वंगणाचा नळा टांगलेला असायचा, त्यालाही फडक्याचा बोळा होता.

फेरी संपली की प्रत्येक हबाजवळ हात ने. आधी लांबून, चटका बसतो. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर ते उघड.

ताईला नमस्कार सांग. रविवारी येशील तेव्हा लोडरच्या मागच्या डाव्या हबातलं थोडं तेल बाटलीत घेऊन ये. तू सांगितलंस त्यावरून ते मला दुधाळच वाटतंय.

तुझा
मामा