दोन देशांचा बांध

बांधावरून भाऊबंदांत तंटा होतो, हे आपण गावोगाव पाहतो. वकिलाच्या फीपायी शेवटी रानच विकायची पाळी येते. आज आपण दोन देशांच्या बांधाचा तंटा वाचू.

दक्षिण अमेरिकेत आर्जेंटिना आणि चिली हे शेजारी देश आहेत. मधे अँडीज पर्वताची लांबच लांब रांग आहे. १८८१ साली दोघांनी करार केला. पाणी दोन बाजूंना वाटणारी सर्वांत उंच शिखरे ही हद्द, असे त्यात लिहिले. ऐकायला सोपे आहे. घराच्या आढ्यावर पाऊस पडला की अर्धे पाणी या पाख्यावरून जाते, अर्धे त्या पाख्यावरून. तसेच हे.

पण दक्षिणेकडे डोंगराने घोटाळा केला. तिथे उंच शिखरे एकीकडे आणि पाणी वाटणारी ओळ भलतीकडेच! नद्या डोंगर कापून पलीकडे जात होत्या. आर्जेंटिना म्हणे, शिखरे धरा. चिली म्हणे, पाणी धरा. दोघांचे बोट एकाच कागदावर. जागा नीट न पाहता कागद लिहिला की असे होते.

मग दोघांनीही लढाऊ जहाजे घ्यायचा सपाटा लावला. चिलीने इंग्लंडात दोन मोठी जहाजे बांधायला टाकली, तर आर्जेंटिनाने इटलीत दोन. पैसा पाण्यासारखा गेला.

हद्दीचा निवाडा ब्रिटनने करावा, हे आधीच ठरले होते. ब्रिटनने समेटासाठीही खटपट केली. ती काही नुसती परोपकाराची नव्हती बरं का! दोन्ही देशांत ब्रिटिश सावकारांचे भांडवल अडकले होते. २८ मे १९०२ रोजी चिलीची राजधानी सांतियागो येथे करार झाले. पुढचे तंटे पंचाकडे न्यायचे आणि बांधत असलेली जहाजे घ्यायची नाहीत, असे ठरले.

हद्द पाहायला टॉमस होल्डिच नावाचे साहेब गेले. त्यांची उमेद हिंदुस्थानच्या मोजणी खात्यात, सरहद्दीचे डोंगर मोजण्यात गेली होती. एका खोऱ्यात वेल्स देशातून आलेले शेतकरी राहत होते. आम्हाला आर्जेंटिनातच राहू द्या, असे त्यांनी एप्रिल १९०२ मध्ये एका शाळेत जमून सांगितले. कसणाऱ्याला विचारले गेले, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ते खोरे आर्जेंटिनाकडेच राहिले.

२० नोव्हेंबर १९०२ रोजी राजे सातवे एडवर्ड यांनी निवाडा दिला. कोणाचीच ओळ पुरती मानली नाही. मधून नवी ओळ काढली. दोघांनीही ती पत्करली.

जहाजांचे काय झाले? चिलीची दोन ब्रिटनने घेतली. आर्जेंटिनाची दोन जपानने घेतली आणि १९०४ साली रशियाशी लढाईत उतरवली. एक लढाई टळली, जहाजे मात्र दुसरीकडे कामाला लागलीच!

त्याच वर्षी, १३ मार्चला, हद्दीवरच्या खिंडीत येशू ख्रिस्ताचा मोठा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. जागा समुद्रापासून सुमारे ३,८०० मीटर उंच. पुतळ्याचे भाग आगगाडीने आणि पुढे खेचरांवर लादून नेले.

तंटे कायमचे मिटले असे नाही. १९७८ साली दक्षिण टोकाच्या बेटांवरून दोन्ही सैन्ये पुन्हा समोरासमोर आली. तेव्हा पोपनी मध्यस्थी केली आणि १९८४ साली तह झाला.

१९०२ च्या ओळीने एक मोठे तळे मधोमध कापले आहे. आर्जेंटिनाच्या काठावर त्याला ब्युनोस आयरेस तळे म्हणतात, चिलीच्या काठावर जनरल कारेरा तळे. पाणी एकच आहे.