तिसऱ्या मुलाचा वाटा

यंदा आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळाने चर्चेसाठी एक गहन विषय निवडला होता : ‘मुलांच्या पालनपोषणासाठी सरकारने कुटुंबांस पैसा द्यावा काय?’ वक्ते तयारीने आले होते. एकाने ठासून सांगितले, “ज्यांनी मुलांस जन्म दिला त्यांनीच ती पोसावीत. फार तर दोन मुलांपर्यंत सरकारने हात द्यावा. पुढे मुळीच नाही.” टाळ्या पडल्या. इतक्यात मागील बाकावरून एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, “मी घरातली तिसरी. तिसऱ्याला भूक कमी लागते का?” सभा स्तब्ध झाली. तिला उत्तर कोणी दिले नाही, आणि आम्हीही घाईने ते दिले नाही. त्या प्रश्नाचे ऋण अंशतः तरी फेडावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

ह्या वादाचा इतिहास पाहावयाचा तर इंग्लंडकडे वळणे सोयीचे आहे. तेथे तो शंभर वर्षे उघडपणे चालला असून त्यातील प्रत्येक पक्षाची बाजू लेखनिविष्ट आहे. शिवाय पोर्तुगीज नागरिकत्वाच्या मार्गाने गोव्यातील पुष्कळ कुटुंबे तिकडे स्विंडनसारख्या शहरी जाऊन राहिली आहेत. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

इ. स. १८९९ मध्ये सीबोम राउन्ट्री ह्या गृहस्थाने यॉर्क शहरातील कामगारांच्या घरोघरची पाहणी करविली व १९०१ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शहरातील चौथा हिस्सा लोकांहून अधिक लोक दारिद्र्यात आहेत असे त्यास आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मजुराच्या आयुष्यात दारिद्र्याचे तीन फेरे येतात, असे त्याने दाखविले : पहिला स्वतःच्या बालपणी, दुसरा घरात लहान मुले असताना आणि तिसरा वार्धक्यात. म्हणजे गरिबी ही केवळ आळशांच्या वाट्यास येते ही समजूत खोटी ठरली. कष्टाळू माणूसही मुले लहान असेतोवर गरीब होतो, आणि त्याच काळात त्या मुलांची हाडे वाढत असतात.

असे का व्हावे? एक साधे गणित करू. एकाच कारखान्यात दोन कामगार आहेत आणि दोघांस आठवड्यास साठ शिलिंग मिळतात असे समजा. पहिला अविवाहित, त्याचे साठही शिलिंग त्याच्या एकट्याचे. दुसऱ्याच्या घरी पत्नी व चार मुले. तेथे खाणारी तोंडे सहा, म्हणून माणशी दहा शिलिंग. मालक अन्यायी आहे असे नव्हे. मजुरी कामाच्या मानाने दिली जाते, तोंडांच्या मानाने नव्हे. आणि तसे करणे मालकास शक्यही नाही, कारण मग तो मुलेबाळे असलेल्यांस कामावर ठेवणारच नाही. गणितातील हा तिढा सोडविण्याचे काम, म्हणून, कारखान्याबाहेर करावे लागते.

ते काम ज्या स्त्रीने अंगावर घेतले तिचे नाव एलिनॉर रॅथबोन. लिव्हरपूलच्या एका व्यापारी घराण्यातील ही विदुषी. पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या पत्नींस सरकार दर आठवड्यास भत्ता देत असे. त्यात घरातील मुलांचाही विचार केलेला असे. त्या व्यवस्थेत काम करीत असता बाईंनी पाहिले की, पैसा नियमाने व थेट आईच्या हाती पडू लागला तेव्हा कित्येक घरांतील मुलांची प्रकृती सुधारली. आमच्या गोव्यातील तारवट्यांच्या घरी हा अनुभव नवा नाही. बोटीवर गेलेल्या पुरुषाचा पैसा घरधनिणीच्या हाती येतो. तो दूध, तांदूळ आणि शाळेची पुस्तके ह्या क्रमाने कसा खर्च होतो, हे आम्ही आमच्या गावी लहानपणापासून पाहत आलो आहोत. १९२४ मध्ये रॅथबोनबाईंनी ह्या विषयावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२९ मध्ये त्या पार्लमेंटात निवडून गेल्या.

विरोध दोन्ही बाजूंनी झाला. एक पक्ष म्हणे, बापाचे कर्तव्य सरकारने उचलले तर बाप बेफिकीर होतील. उलट कामगार संघटनांस भय वाटे की, मुलांचा खर्च सरकार देते हे निमित्त करून मालक मजुरी कमी करतील. हे भय निराधार नव्हते. फ्रान्समध्ये असे भत्ते प्रथम मालकांच्या हाती होते आणि संपकऱ्यांविरुद्ध त्यांचा शस्त्रासारखा उपयोग झाला होता. म्हणूनच भत्ता मालकाने न देता राज्याने द्यावा, ह्या मुद्द्याचे महत्त्व हळूहळू सर्वांस पटले.

१९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज ह्यांनी आपल्या सुप्रसिद्ध अहवालात पहिले मूल सोडून पुढील प्रत्येक मुलास सरासरीने आठवड्यास आठ शिलिंग द्यावे अशी शिफारस केली. सरकारने पाचच शिलिंग ठरविले. उरलेला भाग शाळेतील जेवण व दूध ह्या रूपाने देऊ असे सांगितले. वरील गणितातील दुसऱ्या कामगारास ह्याप्रमाणे तीन मुलांचे पंधरा शिलिंग अधिक मिळते. सहा माणसांत पंचाहत्तर शिलिंग, म्हणजे माणशी साडेबारा. श्रीमंती नव्हे, परंतु रोजच्या दुधाचा प्रश्न सुटण्याइतका फरक खास.

१९४५ मध्ये विधेयक आले तेव्हा मुळात तो पैसा बापाच्या मालकीचा ठरविला होता. रॅथबोनबाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. हा पैसा आईचा नसेल तर आपण, जन्मभर ज्यासाठी झगडलो त्याच विधेयकाविरुद्ध मत देऊ, असा इशारा त्यांनी दिला. अखेर सभासदांस स्वतंत्रपणे मत देण्याची मोकळीक मिळाली आणि पैसा आईच्या नावे झाला. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिला भत्ता वाटला गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत बाईंचे निधन झाले होते. त्यांनी लावलेल्या झाडाचे फळ त्यांच्या दृष्टीस पडले नाही.

वाद मात्र येथे संपला नाही. १९७५ च्या कायद्याने जुना भत्ता आणि बापास करात मिळणारी मुलांची सूट ही दोन्ही एकत्र करून, पहिल्या मुलासह सर्व मुलांसाठी आईस एकच भत्ता देण्याचे ठरले. बापाच्या खिशातून काढून आईच्या बटव्यात घालण्याचाच हा प्रकार असल्यामुळे पुरुष कामगार रागावतील ह्या भीतीने मंत्रिमंडळ १९७६ मध्ये माघार घेऊ लागले. मंत्रिमंडळातील चर्चेची कागदपत्रे वृत्तपत्री फुटली, ओरड झाली, आणि योजना १९७७ ते १९७९ ह्या काळात टप्प्याटप्प्याने अमलात आली.

पुढे त्या विद्यार्थिनीच्याच प्रश्नाची पाळी आली. उत्पन्न पाहून जे वेगळे साहाय्य गरजू कुटुंबांस मिळे, त्यातील मुलांचा वाटा दोन मुलांपर्यंतच मर्यादित करण्यात आला. ६ एप्रिल २०१७ पासून पुढे जन्मलेले तिसरे मूल, काही अपवाद वगळता, त्या हिशेबात धरले जाईना. समर्थक म्हणत, स्वतःच्या कमाईवर जगणारे लोक परवडतील तेवढीच मुले होऊ देतात. साहाय्य घेणाऱ्यांनीही तोच विचार करावा. ह्या म्हणण्यात काही न्याय आहे. कर भरणाऱ्याचा पैसाही घामाचाच असतो. परंतु प्रतिपक्ष विचारी, मूल जन्मले तेव्हा बाप कामावर होता आणि पुढे तो आजारी पडला किंवा वारला, तर परवडण्याचा विचार कोणी व केव्हा करावयाचा? शिवाय अशा पुष्कळ घरांत कोणी ना कोणी कामावर जातच होते. अखेर नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठविण्याचे जाहीर झाले.

आपल्याकडेही हेच प्रश्न वेगळ्या वेशात उभे आहेत. गोव्यात २०१२ मध्ये सुरू झालेली ‘गृह आधार’ आणि महाराष्ट्रात २०२४ मध्ये आलेली ‘लाडकी बहीण’ ह्या योजनांचा पैसा स्त्रीच्या हाती जातो. मात्र तो मुलांच्या संख्येवर ठरत नाही. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात; तिसऱ्याचा विचार तेथे नाही. उलट सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत जे शिजविलेले जेवण देण्याचा आदेश दिला, त्या ताटापुढे बसलेल्या मुलास तू कितवा, असे कोणी विचारीत नाही.

विद्यार्थिमित्रहो, ह्या विषयावर बोलावयाचे झाल्यास ‘द्यावे की न द्यावे’ एवढ्यावरच थांबू नका. कोणास द्यावे, कोणाच्या हाती द्यावे, पैशात की पानात वाढून द्यावे, आणि त्यासाठी कोणाकडून घ्यावे, हे चारही प्रश्न विचारा. प्रतिपक्षाच्या मुद्द्यात सत्याचा जेवढा अंश असेल तेवढा मोकळ्या मनाने मान्य करा.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर ते असे. आईबापांची जबाबदारी मोठी आहे आणि ती कोणत्याही सरकारने हिरावून घेऊ नये. परंतु घरात आपण कितवे जन्मावे हे कोणत्याही मुलाने ठरविलेले नसते. आईबापांच्या निर्णयाचा दंड मुलाच्या ताटातून वसूल करणारा नियम हिशेबात कितीही चोख असला, तरी न्यायात उणाच होय. त्या दिवशी मागील बाकावरून आलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एवढेच देता येते : नाही, बाळ, तिसऱ्याला भूक कमी लागत नाही.