सारख्याच आकाराची दोन इंजिने

आपला जालन्याचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दोन्ही महायुद्धांत निजामाने ब्रिटिशांना विमानांसाठी देणग्या दिल्या. म्हणून ब्रिटिश हवाईदलाच्या काही पथकांना ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. १९१८ मध्ये ११० क्रमांकाच्या पथकाच्या विमानांत अमेरिकन ‘लिबर्टी’ इंजिन होते. १९४० मध्ये १५२ क्रमांकाचे पथक स्पिटफायर विमाने घेऊन लढले. त्यांत रोल्स-रॉइसचे ‘मर्लिन’ इंजिन होते.

गंमत पाहा. दोन्ही इंजिनांत सिलिंडर बाराच आणि त्यांचे एकूण आकारमानही सुमारे २७ लिटरच! पण लिबर्टीची शक्ती ४०० अश्वशक्ती, तर मर्लिनची १०३०. ही वाढ आली कोठून?

इंधन जळण्यास हवा लागते. दर मिनिटाला जितकी अधिक हवा आत जाईल, तितके अधिक इंधन जळेल. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे दट्ट्या जलद चालविणे. लिबर्टी मिनिटाला सुमारे १७०० फेरे घेई, मर्लिन ३०००, म्हणजे १.७६ पट.

दुसरा मार्ग म्हणजे हवा दाबून भरणे. हे काम इंजिनाच्याच शक्तीवर गरगर फिरणारा पंखा, म्हणजे सुपरचार्जर, करतो. वातावरणाचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड. मर्लिनमध्ये त्याहून सुमारे ६.२५ पौंड जास्त दाबाने हवा शिरे, म्हणजे १.४३ पट.

आता गुणाकार करा: ४०० × १.७६ × १.४३ = सुमारे १००७. हिशेब ढोबळ असूनही उत्तर १०३० च्या किती जवळ आले!

साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. तेथे साध्या इंजिनाचा दम तुटतो. सुपरचार्जरमुळे मर्लिन मात्र सुमारे ४९५० मीटरवरही पूर्ण १०३० अश्वशक्ती देई.

मग दाब आणखी का वाढवू नये? सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. दाबलेली हवा तापते. ती फार तापली, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रण भडकते, इंजिन ठोके देऊ लागते आणि दट्ट्या निकामी होऊ शकतो. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल वापरात आले. ते असे अवेळी भडकत नसे. त्यामुळे जादा दाब १२ पौंडांपर्यंत नेता आला. इंजिन तेच, पण रसायनशास्त्राने त्याची ताकद वाढविली.

स्वाध्याय: फेरे तेच ठेवून, १२ पौंड जादा दाबाला मर्लिनची शक्ती किती होईल? (उत्तर: सुमारे १३१० अश्वशक्ती.)