धर्माशिवाय देव मानता येतो का?



आपल्या साप्ताहिक अभ्यासवर्गात एक प्रश्न हल्ली वरचेवर येतो, आणि तो विचारणारे बहुतेक तरुण असतात. "मी देव मानतो, पण धर्म मानत नाही. असं चालतं का?" जबलपूरला दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरांतही हा प्रश्न आहे. विचारणारा नास्तिक नसतो. ग्वारीघाटावर नर्मदेसमोर उभा राहिला की त्याचे हात आपोआप जुळतात. पण जातीवरून मोडलेली सोयरीक, घरातले सोवळे-ओवळे, धर्माच्या नावाने होणारी भांडणे हे सगळे पाहून तो म्हणतो, देव राहू द्या, बाकीचे नको.

या प्रश्नाला रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही. आधी शब्द नीट पाहावा लागेल. हिंदी लेखांचे मराठी करताना 'धर्म' या शब्दापाशी मला नेहमी थांबावे लागते. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतच पाहा. हिंदीत 'पंथनिरपेक्ष' आहे, मराठीत 'धर्मनिरपेक्ष'. घटना एकच, पण हिंदीने 'धर्म' हा शब्द बाजूला ठेवला आणि मराठीने तोच वापरला. कारण आपल्याकडे या एका शब्दात दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे पंथ, त्याचे ग्रंथ, पुरोहित, विधी, आपले आणि परके. दुसरी म्हणजे कर्तव्य, नीती, माणसाने माणसासारखे वागणे. आपला तरुण मित्र पहिली गोष्ट नाकारतो आहे. दुसरीही नाकारतो आहे का, हे त्याने अजून ठरवलेले नसते.

देव आणि धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या परंपरेला नवे नाही. जैन आणि बौद्ध मार्ग जग निर्माण करणाऱ्या ईश्वराशिवाय उभे राहिले. पतंजलींनी ईश्वरप्रणिधान हा चित्त स्थिर करण्याच्या अनेक उपायांपैकी एक म्हणून दिला, त्यासाठी देऊळ किंवा पुजारी सांगितला नाही. तेव्हा विचार म्हणून उत्तर सोपे आहे : हो, मानता येतो. खरी कसोटी पुढे आहे. असा देव मानणारा माणूस लग्नाच्या, मरणाच्या, शेजारधर्माच्या वेळी काय करतो?

महाराष्ट्रात ही कसोटी एकोणिसाव्या शतकातच झाली. मराठी व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत 1849 च्या सुमारास परमहंस सभा सुरू झाली. ईश्वर एक, माणसांची जात एक, असे ही मंडळी मानत. पण सभा गुप्त होती. सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर 1860 च्या सुमारास ती विसकटली. विचार खोटा नव्हता. बंद दाराआड ठेवलेला विचार दार उघडताच टिकला नाही, इतकेच. पुढे 1867 मध्ये दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग आणि इतरांनी प्रार्थना समाज स्थापला. तिथे उघडपणे, मूर्तीशिवाय उपासना होऊ लागली. हे मोठे पाऊल होते, पण या मंडळींनी स्वतःला हिंदू समाजापासून वेगळे केले नाही.

सर्वांत पुढे गेले ते महात्मा जोतीराव फुले. त्यांच्यावर थॉमस पेन या लेखकाचा प्रभाव होता. पेनचा ईश्वरावर विश्वास होता, मात्र कोणत्याही चर्चवर नव्हता. युरोपात असे विचारवंत त्या काळी बरेच होते. त्यांतल्या अनेकांचा ईश्वर घड्याळजीसारखा होता : जग घडवले, चावी दिली, आणि बाजूला झाला. अशा ईश्वराचा विशेष त्रास नसतो, तो काही मागतच नाही. जोतीरावांचा 'निर्मिक' वेगळा आहे. तो सर्वांचा आईबाप आहे. आणि आईबाप एकच असतील तर सगळी माणसे भावंडे ठरतात. मग एका भावंडाने दुसऱ्याला पाण्याला शिवू न देणे हा थेट निर्मिकाचा अपराध होतो. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, त्याकडे या दृष्टीने पाहावे.

24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच वर्षी डिसेंबरात पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जोतीरावांनी पुरोहित काढला, पण लग्न काढले नाही. वधूवरांनी एकमेकांना काय वचन द्यावे, याची नवी मंगलाष्टके त्यांनी रचली. माणसांना एकत्र यावे लागते, काहीतरी म्हणावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. 1888 मध्ये अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाल्यावर ते डाव्या हाताने लिहीत राहिले. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये छापले गेले. त्याचे नाव काय? 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. ज्यांनी रूढ धर्माचा प्रत्येक आधार तपासून बाजूला केला, त्यांनी शेवटच्या पुस्तकाच्या नावात 'धर्म' हाच शब्द ठेवला. त्या पुस्तकात एक घर आहे. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे प्रेमाने एकत्र राहतात. आज, दीडशे वर्षांच्या आसपास उलटल्यावर, असे किती उंबरठे आपण दाखवू शकतो?

28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. त्या काळी एका पत्नीने असे करणे म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. पुरोहित नाकारलेल्या घरातही मृत्यूचा विधी झाला, फक्त तो कोणी करायचा हे बदलले.

आता आपल्या तरुण मित्राकडे वळू. धर्माशिवाय देव मानणाऱ्याला एक धोका असतो, आणि तो मला फार खरा वाटतो. ग्रंथ नाही, गुरू नाही, मंडळी नाही, तेव्हा देव हळूहळू आपल्यासारखाच होत जातो. आपल्याला जे आवडते तेच त्याला आवडते, आपण ज्याच्यावर चिडतो त्याच्यावर तोही चिडतो. मी कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे मला ते असे दिसते : खतावणी लिहिणारा आणि तपासणारा एकच असेल, तर वर्षअखेरीस ताळेबंद जुळतो, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? अर्थात, रूढ धर्म पाळणाऱ्यानेही फार निर्धास्त राहू नये. त्याच्याकडे तपासनीस असतो, पण कित्येकदा तो न वाचताच सही करतो. नैवेद्य वेळेवर, उपवास काटेकोर, आणि घरकाम करणाऱ्या बाईंचा कप वेगळा.

जोतीरावांचा देव त्यांना अडचणीत टाकत होता. घरचा हौद उघडायला लावत होता, नातेवाइकांचा रोष पत्करायला लावत होता.

या आठवड्याच्या अभ्यासासाठी म्हणून एवढेच करावे. रोज रात्री पाच मिनिटे शांत बसून वहीत एक ओळ लिहावी : आज माझ्या देवाने मला कोणत्या गोष्टीला 'नाही' म्हटले? ज्या दिवशी काही सुचणार नाही, त्या दिवशी तारीख लिहून ओळ कोरी ठेवावी. वही रविवारच्या वर्गात आणावी. वाचून दाखवण्याची सक्ती नाही. मात्र किती ओळी कोऱ्या राहिल्या, तेवढे सर्वांनी सांगायचे आहे.