उसाचे हिरवे पान : साखरेचा पहिला कारखाना

उभ्या उसाची हिरवी पाने काढून जनावरांना घालण्याची चाल अनेक ठिकाणी आढळते. वैरणीची टंचाई असली म्हणजे तर ती फारच वाढते. पाने गेली तरी ऊस जागेवरच आहे, तेव्हा नुकसान ते कोणते, असे शेतकऱ्यास वाटते. हा समज किती महाग पडतो, हे पानाचे कार्य जाणून घेतल्यास ध्यानात येईल.

साखर ही कर्ब, उद्‌जन व प्राणवायू या तीनच मूलद्रव्यांची बनलेली असते. नत्र, स्फुरद वा पालाश यांचा तीत अंशही नसतो. तीतील कर्ब जमिनीतून येत नाही. पानावरील सूक्ष्म छिद्रांतून आत शिरणाऱ्या हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायूपासून तो मिळतो. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते. त्या शक्तीने मुळांनी पुरविलेल्या पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू बाहेर पडतो, आणि प्रकाशाची शक्ती अखेर साखरेच्या रूपाने साठविली जाते. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात.

याचा पडताळा घरी पाहता येतो. विहिरीतील हिरवे शेवाळ काचेच्या पेल्यात पाण्यात बुडवून उन्हात ठेवावे. काही वेळाने त्यावर बारीक बुडबुडे दिसू लागतात. पेला अंधारात नेल्यास ते थांबतात. या कार्यास सूर्याची उष्णता नव्हे तर प्रकाश लागतो, हे यान इंगेनहाउस या शास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवून दिले. पुढे शेवाळावरच प्रयोग करून मेल्विन कॅल्व्हिन यांनी कर्बापासून साखर बनण्याचा मार्ग शोधला. त्याबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उसात मात्र या मार्गाआधी आणखी एक पायरी असते. हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात तिचा उलगडा केला. या पायरीमुळे ऊस कडक उन्हाचाही उत्तम उपयोग करून घेतो. परंतु त्यासाठी अंगावर हिरवे पान हवे.

म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) हिरवी पाने काढू नयेत. खालची वाळलेली पाने तेवढी काढून सरीत पसरावीत.

(२) लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने शेत तणरहित ठेवावे. तण अन्नपाण्याबरोबर कोवळ्या उसाचा प्रकाशही हिरावून घेते.

(३) नत्र व मॅग्नेशियम हे हरितद्रव्याचे घटक होत. लोह ते तयार होण्यास लागते. चुनखडीच्या जमिनीत पिकावर केवडा दिसल्यास कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने हिराकसाची फवारणी करावी.

(४) वैरणीसाठी बांधावर गवत लावावे, व तोडणीच्या वेळी निघणारे वाढे उपयोगात आणावेत.

कारखान्यात उसातील साखर वेगळी काढली जाते. ती तयार होते शेतात, हिरव्या पानात. भारा वैरणीसाठी तोडलेली पाने एका दिवसात संपतात, परंतु त्यांनी बनविली असती ती साखर तोडणीपर्यंत भरून निघणे कठीण असते.